मुलाचे वाचन ऐकणारा माणूस: स्वयंसेवक वाचन शिकवू शकतात का?

जागतिक बँकेने २०१९ मध्ये ‘अध्ययन दारिद्र्य’ ही संज्ञा वापरात आणली. दहा वर्षांच्या मुलाला साधा, त्याच्या वयाजोगा मजकूर वाचून समजत नसेल तर ते मूल या दारिद्र्यात मोजायचे, असा तिचा ढोबळ अर्थ. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशा मुलांचे प्रमाण महासाथीपूर्वी सुमारे ५७ टक्के होते आणि शाळा बंद राहिल्यानंतर ते ७० टक्क्यांच्या आसपास गेले असावे, असा अंदाज २०२२ मध्ये मांडला गेला. असे आकडे छापून आले की अनेकांना मनापासून काहीतरी करावेसे वाटते. कोणी निवृत्त झालेले असते, कोणी महाविद्यालयात शिकत असते, कोणाकडे आठवड्यातले दोन-तीन तास मोकळे असतात. मग प्रश्न पडतो: मी शिक्षक नाही, मला कोणी शिकवायला शिकवलेले नाही, तर सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्यात माझा खरोखर उपयोग होईल का?

होतो, आणि चांगलाच होतो. मात्र त्यासाठी वाचन म्हणजे नेमके काय घडते आणि त्यातल्या कोणत्या टप्प्यावर मुलाला दुसऱ्या माणसाची गरज लागते, हे आधी समजून घ्यावे लागते. नुसत्या सदिच्छेने मूल वाचू लागत नाही.

बोलणे आपोआप येते, वाचणे येत नाही

मूल बोलायला शिकते तेव्हा त्याला कोणी व्याकरण शिकवत नाही. आजूबाजूला माणसे बोलत असली की ते ऐकता ऐकता बोलू लागते. वाचनाचे तसे नाही. माणूस बोलू लागला त्याला अगणित पिढ्या लोटल्या, पण लिपीचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणे शक्य नव्हते. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी दाखवून दिले आहे की मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला जो भाग मुळात चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामी येतो, त्याच्याच एका तुकड्यावर वाचन शिकताना अक्षरे ओळखण्याचे नवे काम सोपवले जाते. घराच्या नकाशात नसलेली खोली जुन्या खोलीत पडदा लावून काढावी, तसे हे आहे.

म्हणूनच घरात पुस्तके आहेत, मूल हुशार आहे, बोलते भरभर, तरी वाचत नाही, यात नवल वाटून घेण्याचे कारण नाही. काठावर बसून इतरांना पोहताना पाहिले म्हणून कोणाला पोहता येत नाही. पाण्यात उतरावे लागते आणि सुरुवातीला पोटाखाली कोणाचा तरी हात असावा लागतो. स्वयंसेवकाचे काम या हाताचे आहे.

वाचनाच्या दोन बाजू

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक अगदी साधे सूत्र मांडले, आणि आजही या विषयातील बरीचशी चर्चा त्यावर उभी आहे. वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. उकल म्हणजे छापील खुणा पाहून त्यांचा उच्चार करता येणे, आणि समज म्हणजे तोच मजकूर कोणी बोलून दाखवला असता तर तो कळणे.

यातली खोच ‘गुणिले’ या शब्दात आहे. बेरीज असती तर एक बाजू कमी पडल्यावर दुसरीने भरून काढली असती. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. मराठी वाचणाऱ्याने नेपाळी वर्तमानपत्र हाती घेऊन पाहावे. लिपी देवनागरीच असल्यामुळे तो ते मोठ्याने वाचेल, पण बातमी कळणार नाही. उकल आहे, समज नाही. पहिलीतल्या मुलाचे बहुधा उलट असते. त्याला गोष्ट ऐकवली तर ती सगळी कळते, पुढे काय झाले असेल याचा अंदाजही ते बांधते, पण तीच गोष्ट छापून पुढे ठेवली की पहिल्या ओळीवर थांबते. या मुलाला बुद्धी कमी आहे असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची एक बाजू भक्कम आहे आणि दुसरीवर काम व्हायचे आहे, इतकेच.

अक्षराच्या आधी आवाज

उकल करायची तर मुलाला आधी एक गोष्ट उमगावी लागते, आणि मोठ्यांना ती इतकी अंगवळणी पडलेली असते की ती शिकावी लागली होती हेच आपण विसरलेलो असतो. शब्द हा आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला असतो, ही ती गोष्ट. ‘मासा’ म्हटले की मुलाच्या डोळ्यांसमोर मासा येतो. त्यात ‘मा’ आणि ‘सा’ आहेत, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. या जाणिवेला ध्वनिजाणीव म्हणतात. ती वाढवायला पाटी-पेन्सिलही लागत नाही. टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडणे, एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द शोधणे, ‘कागद’ मधला ‘का’ काढून टाकला तर काय उरते असे विचारणे, हे खेळ कोणीही घेऊ शकतो. दिवसाला पाच मिनिटे पुरतात.

यानंतर अक्षरे येतात, आणि इथे आपली लिपी मुलाला जितका आधार देते तितकीच कसोटीही पाहते. आधार असा की अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज सहसा एकच असतो. ‘म’ला ‘म’च म्हणतात. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा, अशी दुहेरी पाठांतरे करावी लागतात. पण कसोटी संख्येची आहे. तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपे झाली, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. कन्नड ही अशाच घडणीच्या लिपीत लिहिली जाते. ती वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की अक्षरांवर पकड येणे पहिल्या वर्षात संपत नाही, ते पुढच्या इयत्तांतही चालू राहते. पहिली संपली तरी सगळी अक्षरे येत नाहीत म्हणून घाबरलेल्या पालकांना हे आवर्जून सांगायला हवे.

शिवाय काही खुणा मुलाच्या डोळ्यांना चकवतात. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. ‘सूर्य’ मधला र बोलताना य च्या आधी येतो, पण लिहिताना य च्या डोक्यावर बसतो. तोच र ‘प्रकाश’ मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो आणि ‘ट्रक’ मध्ये आणखी वेगळा दिसतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक केवढा, तर एखाद्या गाठीचा किंवा वळणाचा. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च एकाच तऱ्हेने लिहितात, पण बोलतात दोन तऱ्हांनी. वर्षानुवर्षे वाचणाऱ्याला यातले काही खटकत नाही. मुलाला मात्र प्रत्येक ठिकाणी कोणीतरी थांबून ‘हे असे आहे’ असे सांगावे लागते, आणि एकदा सांगून भागत नाही.

एका ओळीत काय काय घडते

सात वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ वाचायला बसत असे. एके दिवशी कागदाच्या पट्टीवर मी मुद्दाम चित्राशिवाय एक ओळ लिहून दिली: ‘हरिण पाणी पिते.’ तिने बोट ठेवले आणि वाचले, ‘हिरण.’ मग थबकली, कारण हिरण असा शब्द तिने ऐकलेला नव्हता.

अशा क्षणी मोठ्या माणसाच्या तोंडून ‘हरिण’ हा शब्द निसटतोच. तो मी महत्प्रयासाने रोखला. मनात पाच अंक मोजले. ती स्वतःहून सुधारेना, तेव्हा विचारले, ‘ही वेलांटी कोणाच्या डोक्यावर वाकली आहे?’ तिने दांडीवरून बोट वर नेले, कमानीवरून पलीकडे उतरवले आणि ते र वर टेकले. ‘ह... रि... ण. हरिण!’ मी म्हटले, ‘बरोबर, आता पूर्ण ओळ पुन्हा वाच.’ पुढच्या ‘पिते’ मध्ये तीच वेलांटी होती. ‘पाणी’ मधल्या णी ला ती चिकटवेल असे मला वाटले होते, पण तिने ती न विचारता नीट वाचली.

हा सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात मुलीने वाचले, चुकली, चूक तिथल्या तिथे लक्षात आली, इशारा मिळाला, तिने स्वतः दुरुस्त केले आणि लगेच दुसऱ्या शब्दात ते वापरले. डेव्हिड शेअर या संशोधकाने १९९५ मध्ये मांडले की मूल एखादा अनोळखी शब्द स्वतः उकलते तेव्हा तो शब्द त्याच्या स्मरणात बसू लागतो, आणि असे थोडे प्रयत्न झाले की पुढे तो पाहताक्षणी ओळखू येतो. म्हणजे मूल वाचता वाचता स्वतःला शिकवत जाते. म्हणूनच शब्द चटकन सांगून टाकणे मुलाच्या हिताचे नसते. त्याने करायची उकल आपणच करून टाकलेली असते. अर्थात ते रडवेले होईपर्यंत वाट पाहायची असेही नाही. एकदा इशारा द्यावा, दुसऱ्यांदा शब्दाचा पहिला भाग आपण वाचावा, तरीही जमले नाही तर शब्द सांगून पुढे जावे.

‘चित्र बघ आणि ओळख’ हा सल्ला मात्र टाळावा. चित्रात हरिण पाहून ‘हरिण’ म्हणणाऱ्या मुलाने वाचलेले काहीच नसते. सुरुवातीच्या पुस्तकांत ही युक्ती चालून जाते. पुढे पानांवरची चित्रे कमी होतात आणि मूल एकदम अडते, तेव्हा हे अचानक कसे झाले असे सगळ्यांना वाटते. चित्रावर गप्पा जरूर माराव्यात, पण ओळ वाचून झाल्यावर.

अडखळत वाचलेले का कळत नाही

अक्षरे येतात, शब्दही जुळवता येतात, पण ओळ संपल्यावर काय वाचले ते सांगता येत नाही, अशी पुष्कळ मुले असतात. ओंजळीत पाणी घेऊन लांब चालत गेले तर पोहोचेपर्यंत ते गळून जाते, तसे हे आहे. शेवटचा शब्द जुळेपर्यंत पहिला मनातून निसटलेला असतो. मनाची एका वेळी लक्ष पुरवण्याची क्षमता मर्यादित असते, आणि ती सगळी अक्षरांवर खर्च झाली तर अर्थासाठी काही उरत नाही, असे डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये मांडले. न थांबता, योग्य जागी विराम घेत वाचण्याला आपण ओघ म्हणू.

ओघ येण्याचा सॅम्युएल्स यांनीच सुचवलेला उपाय साधा आहे: तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणे. आधी मोठ्याने वाचून दाखवावे, मग दोघांनी एका सुरात वाचावे आणि मग मुलाने एकट्याने. मोठ्यांना याचा कंटाळा येतो, मुलांना बहुधा येत नाही. तिसऱ्या वेळी आपण पहिल्यापेक्षा सरळ वाचले, हे त्यांना स्वतःला ऐकू येते आणि चेहऱ्यावर दिसते.

गोष्टी वाचून दाखवल्या तर पुरे नाही का?

गोष्टी वाचून दाखवण्याचे मोल मी कमी लेखत नाही. सूत्राची दुसरी बाजू, म्हणजे भाषेची समज, त्यानेच वाढते. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाचताना मध्ये थांबून मुलाला प्रश्न विचारले, त्याच्या उत्तरात थोडी भर घातली आणि त्याला बोलते ठेवले, तर त्याची भाषा नुसते ऐकणाऱ्या मुलाच्या भाषेपेक्षा पुढे जाते. त्याच वर्षीच्या आणखी एका प्रयोगात डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी मोठ्या वयाच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. जगाविषयीची माहिती ही वाचनाचीच शिदोरी असते, आणि गप्पांतून, गोष्टींतून ती भरत जाते.

पण ऐकून उकल येत नाही. मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवरच असल्याचे दिसले. तेव्हा दोन्ही हवे: आपण वाचायचे ते मुलाच्या पातळीपेक्षा थोडे वरचे, आणि त्याने वाचायचे ते त्याला बहुतांशी झेपणारे.

हे काम शिक्षकांचे नाही का?

आहेच, आणि स्वयंसेवक आले म्हणून शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवता येणार नाहीत, हे ठणकावून सांगितले पाहिजे. पण साधा हिशेब करावा. वर्गात तीस मुले आहेत आणि पूर्ण तास केवळ प्रकट वाचनासाठी दिला, तरी एका मुलाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. मघाच्या मुलीला एका वेलांटीसाठी अर्धे मिनिट लागले होते. शिक्षक कितीही कुशल असले तरी दिवसाची मिनिटे ते वाढवू शकत नाहीत. वाचनाची दिशा शिक्षकाने ठरवावी आणि ऐकण्याचा वेळ स्वयंसेवकाने द्यावा, अशी ही वाटणी आहे.

याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. स्वयंसेवकांच्या शिकवणीवरील २१ अभ्यास एकत्र करून गॅरी रिटर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष काढला की शिकवणी मिळालेल्या मुलांचे वाचन इतरांपेक्षा बेताने, पण निश्चितपणे सुधारते. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात प्रथम या संस्थेने गावातल्याच तरुणांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनाचे वर्ग भरवले होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या उपक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी केली आणि २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. आधी काहीच वाचता न येणारी जी मुले वर्गांना आली, ती अक्षरे ओळखू लागण्याचे प्रमाण वर्ग नसलेल्या गावांतील तशाच मुलांपेक्षा कितीतरी अधिक होते. त्याच तपासणीतली दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे: गावातल्या एकूण मुलांपैकी थोडीच या वर्गांना आली. म्हणजे शिकवण्याची पद्धत कामी येते, पण ज्या मुलांना तिची गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे वेगळे आणि अवघड काम आहे.

अर्धवट माहितीने नुकसान होणार नाही का?

होऊ शकते. बार्बरा वासिक यांनी १९९८ मध्ये अशा १७ उपक्रमांचा आढावा घेतला, तेव्हा वाचनाचा जाणकार मार्गदर्शक, स्वयंसेवकांचे सतत प्रशिक्षण आणि आखीव सत्रे यांवर त्यांनी भर दिला होता. ‘आज काय घ्यायचे’ हे स्वयंसेवकाने ऐनवेळी ठरवू नये. कोणती अक्षरे येतात आणि कोणती नाहीत, याची वही असावी आणि त्यावरून पुढचा उतारा निवडला जावा.

एका चुकीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ती चांगल्या हेतूने होते. ‘पाणी’ पाहून मूल ‘पानी’ म्हणते, ‘शाळा’ पाहून ‘शाला’ म्हणते, आणि आपण लगेच त्याला दुरुस्त करतो. इथे थांबून पाहावे. ज्या मुलाच्या घरी ‘पानी’ असेच बोलतात, त्याने अक्षरे बरोबर ओळखली, शब्द बरोबर ओळखला आणि अर्थही जाणला. त्याने तो आपल्या बोलीत उच्चारला एवढेच. ही वाचनातली चूक नव्हे. दर ओळीत तिथेच अडवले तर आपल्या घरची भाषा चुकीची आहे असे त्याच्या मनात बसते, आणि हळूहळू ते मोठ्याने वाचणेच बंद करते. प्रमाण उच्चाराची ओळख पुढे सावकाश होऊ शकते. तोंड मिटलेल्या मुलाला परत बोलते करणे त्याहून फार कठीण आहे.

नियमितपणाचेही तसेच. दोन आठवडे उत्साहाने येऊन मग दिसेनासा होणारा स्वयंसेवक मुलाला शिकवतो ते इतकेच की मोठी माणसे निघून जातात. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे जमणार असतील तरच हे काम हाती घ्यावे. आणि मुलांच्या सुरक्षिततेत कसूर चालत नाही: स्वयंसेवकाची पडताळणी झालेली असावी, सत्र इतरांच्या नजरेसमोर उघड्या जागी व्हावे आणि मुलाला एकट्याने कुठेही नेऊ नये. प्रामाणिक स्वयंसेवकाला यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

प्रगतीच होत नसेल तर?

नियमित मदतीनंतर काही महिन्यांनीही मूल तिथेच असेल तर ते आळशी आहे असा निष्कर्ष काढू नये. त्याला फळा नीट दिसतो का, ऐकू नीट येते का, हे आधी तपासायला सांगावे. तेही ठीक असेल तर वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, असू शकते. तिचे निदान तज्ज्ञच करू शकतात, स्वयंसेवकाने तो शब्द मुलासमोर उच्चारूही नये. आपली वही शिक्षकांच्या आणि पालकांच्या हाती द्यावी. कोणत्या तारखेला काय आले आणि कुठे अडले, याची नोंद तज्ज्ञांना फार उपयोगी पडते.

उशीर केल्यास नुकसान वाढत जाते, हेही खरे. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये याकडे लक्ष वेधले: ज्याला वाचता येते ते मूल अधिक वाचते, त्यातून त्याचा शब्दसंग्रह वाढतो आणि म्हणून पुढचे वाचन आणखी सोपे होते. ज्याला येत नाही ते वाचन टाळते, आणि अंतर दरवर्षी रुंदावते. पहिली-दुसरीत काही महिन्यांत भरून निघणारी उणीव पाचवीत भरून काढायला कितीतरी अधिक वेळ लागतो, कारण तोवर सगळे विषयच पुस्तकातून वाचून शिकायचे असतात आणि आपल्याला जमत नाही ही खूणगाठही मुलाने बांधलेली असते.

आणि जे मूल पुढे सरकते, त्याच्या पोटाखालचा हात कधी काढायचा? अनोळखी उतारा मूल फारसे न अडता वाचते, चुकले तर वाक्याचा अर्थ लागत नाही म्हणून स्वतःच मागे जाते आणि काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगते, या तीन गोष्टी सलग काही आठवडे दिसल्या की सत्रे कमी करावीत. वेलांटीवर अडलेल्या त्या मुलीने नंतर एकदा मला पट्टी लिहूच दिली नाही. तिने स्वतःच एक पुस्तक आणले होते. पहिल्या पानावर ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा मी तोंड उघडण्याआधीच मागे वळून शब्द पुन्हा वाचला. त्या दिवशी वहीत तिच्या नावापुढे मी ‘आठवड्यातून एकदा’ असे लिहिले, आणि मोकळे झालेले दोन दिवस दुसऱ्या मुलाला दिले.